मूठभर म्हणजे किती? शेंगदाणे, बदाम, अक्रोड आणि कोलेस्टेरॉल

फलटणला माझं किराणा आणि सुकामेव्याचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्यानंतर मी बघतो. काउंटरवर आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी येऊन म्हणतंच, "शेठ, कोलेस्टेरॉल वाढलंय, मूठभर सुकामेवा खायला सांगितलाय. काय देता?" पूर्वी मी बदाम, अक्रोड, काजू पाव-पाव किलो बांधून द्यायचो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचो. मग माझाच रिपोर्ट हातात आला.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतरची गोष्ट. वय 54. एकूण कोलेस्टेरॉल 232, एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) 153, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 41, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) 190. साखर आणि रक्तदाब ठीक. पण वडिलांना वयाच्या 52व्या वर्षी हृदयविकाराचा पहिला झटका आला होता. दुकानाचं शटर अर्धवट ओढून आम्ही त्यांना गाडीत घातलं, तो दिवस मला तासातासाने आठवतो. म्हणून 153 बघून पोटात गोळा आला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खाणं बदला, चालणं चालू ठेवा, परत तपासू. मग गोळीचं ठरवू."

बदाम-अक्रोड तर घरचेच. दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली: रात्री भिजवलेले 10 बदाम, अक्रोडाचे काही तुकडे, वर थोडे काजू. रोजचे साधारण 40 ग्रॅम. सहा आठवड्यांनी न राहवून मी स्वतःच पुन्हा रक्त दिलं. एकूण 230, एचडीएल 40, ट्रायग्लिसराइड 200, एलडीएल 150. वजन सव्वा किलो वाढलेलं. रिपोर्ट घेऊन घरी आलो आणि गप्प बसून राहिलो.

उत्तर बायकोने दिलं. म्हणाली, "अहो, पूर्वी खात होतात ते सगळं तसंच चाललंय. अकराची खारी आहे, पाचचं फरसाण आहे, भाजीत कूट आहे. तुमचे बदाम नुसते वरचे झाले."

या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. दाणे, बदाम, अक्रोड हे ताटात काहीतरी काढून त्या जागी यायला हवेत. काय बंद करायचं ते आधी ठरवा, काय विकत घ्यायचं ते नंतर.

प्रयोगांत नेमकं काय केलं होतं

मी नंतर जेवढं वाचलं त्यात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. 1993 साली कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात जोआन साबाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 18 निरोगी पुरुषांना चार-चार आठवडे दोन प्रकारचा आहार दिला. दोन्हीत उष्मांक सारखे, चरबीचं प्रमाणही सारखं. एका आहारात 20 टक्के उष्मांक अक्रोडातून येत होते, आणि त्यासाठी मांस, तेल-लोणी असे पदार्थ तेवढ्या मापाने कमी केले होते. अक्रोडाच्या आहारावर एलडीएल दुसऱ्या आहारापेक्षा 16 टक्क्यांनी कमी भरलं. या अभ्यासाला कॅलिफोर्नियातल्या अक्रोडवाल्यांच्या संस्थेने पैसे दिले होते. मी स्वतः अक्रोड विकतो, तेव्हा हे सांगणं मला गरजेचं वाटतं. पण नंतर वेगवेगळ्या देशांत झालेल्या प्रयोगांत दिशा तीच राहिली, फक्त आकडे लहान झाले. 2010 साली साबातेंनी 7 देशांतले 25 प्रयोग, एकूण 583 माणसं, असा हिशोब एकत्र मांडला. रोज सरासरी 67 ग्रॅम बदाम, अक्रोड, दाणे असं काही खाल्ल्यावर एलडीएल दर डेसिलिटर रक्तामागे साधारण 10 मिलिग्रॅमने, म्हणजे 7.4 टक्क्यांनी, उतरलं होतं. ट्रायग्लिसराइड फक्त ज्यांचं 150च्या वर होतं त्यांचंच उतरलं. एलडीएल मुळात जास्त असलेल्यांना फायदा जास्त झाला, आणि वजन जास्त असलेल्यांना कमी. 2015 सालच्या आणखी मोठ्या एकत्रित अभ्यासात 61 प्रयोग होते. त्यातून निघालेला हिशोब मी लक्षात ठेवला आहे: रोजच्या 28 ग्रॅममागे एलडीएल साधारण 5 मिलिग्रॅमने कमी.

पाचच? हो, पाचच. 67 ग्रॅम म्हणजे जवळपास 400 उष्मांक. एवढं रोज खाऊन बाकीचं तेवढंच कमी करणं घरच्या जेवणात सोपं नाही. 30 ग्रॅम जमतात.

हे होतं कसं, तर तीन वाटांनी. पहिली वाट सगळ्यात मोठी. आपलं यकृत रक्तातले एलडीएलचे कण उचलून घेतं. तूप, लोणी, पामतेल, खोबरेल यांतली संपृक्त चरबी जास्त झाली की यकृताची ही उचल मंदावते आणि कण रक्तातच फिरत राहतात. दाण्या-बदामांतली बरीचशी चरबी असंपृक्त असते. ती संपृक्त चरबीच्या जागी आली की उचल पुन्हा सुधारते. जागा बदलली नाही, तर ही वाट बंदच राहते, आणि माझ्या पहिल्या सहा आठवड्यांत तेच झालं. दुसरी वाट आतड्यातली. वनस्पतींत कोलेस्टेरॉल नसतं, पण त्याच्यासारखाच दिसणारा स्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. तो आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतो, त्यामुळे कोलेस्टेरॉल शरीरात कमी शोषलं जातं. तिसरी वाट चोथ्याची. चोथा पित्ताला धरून बाहेर नेतो, आणि नवं पित्त करायला यकृताला रक्तातलंच कोलेस्टेरॉल वापरावं लागतं.

मूठ काट्यावर ठेवा

दुकानात माझ्यासमोर दिवसभर इलेक्ट्रॉनिक काटा असतो. एका दुपारी गिऱ्हाईक कमी होतं. मी शेंगदाण्याच्या पोत्यात हात घालून मूठ भरली आणि काट्यावर सोडली: 48 ग्रॅम. बायकोची मूठ 31 भरली. हमालीचं काम करणारा एक जण उभा होता, त्याची 57. म्हणजे "मूठभर" हा एकच सल्ला ऐकून एक जण दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट खातो. 30 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 170 उष्मांक असतात, तेव्हा हा फरक छोटा नाही.

घरी काटा नसेल तर मोजून घ्या. 30 ग्रॅम म्हणजे मध्यम आकाराचे साठेक शेंगदाणे, 24-25 बदाम, अक्रोडाच्या 14-15 अर्धुकल्या किंवा सोललेल्या पिस्त्याचे 50 दाणे. घुंगरू शेंगदाणा बारीक असतो, तो जास्त बसतो. काजूत तर आकडा नावातच लिहिलेला आहे. डब्ल्यू 240 म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, 240पर्यंत काजू. त्याचे 16 घ्या. डब्ल्यू 320चे 20-21. पाकळी किंवा तुकडा घेत असाल तर वजन करण्याशिवाय इलाज नाही.

एकदा मोजून झालं की त्या मापाची घरातली एक वाटी किंवा डबी ठरवून टाका. रोज काटा काढायची गरज उरत नाही. माझ्याकडे लोणच्याची एक छोटी स्टीलची डबी आहे, तिच्यात काठोकाठ 30 ग्रॅम दाणे बसतात.

आणि चावून खा, अगदी पीठ होईपर्यंत घाई न करता. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी 2012 साली अख्ख्या बदामांवर अभ्यास केला. 28 ग्रॅम बदामांवर 170च्या आसपास उष्मांक लिहिलेले असतात, त्यातले 129च शरीराला मिळतात असं त्यांना आढळलं. बाकीची चरबी पेशींच्या भिंतीत अडकून तशीच पुढे जाते. बारीक कुटून किंवा वाटून खाल्लं की त्या भिंती फुटलेल्या असतात. रात्रभर भिजवल्याने बदाम मऊ होतो, ज्यांचे दात दुखतात त्यांना सोपा जातो. तेवढ्यासाठी जरूर भिजवा. भिजवले नाहीत म्हणून कोलेस्टेरॉलचा फायदा कमी होत नाही.

तुम्ही आधीच किती दाणे खाता?

बदाम-अक्रोडावरचा बाहेरचा सल्ला ज्या लोकांसाठी लिहिलेला असतो, त्यांच्या भाजीत दाण्याचं कूट नसतं. आपल्या सातारा-सांगली-सोलापूरकडच्या घरात ते रोज असतं. बायकोने एक दिवस जेवढं कूट वापरायचं तेवढं आधी काट्यावर ठेवून मगच घातलं. काकडीच्या कोशिंबिरीत 20 ग्रॅम, भरल्या वांग्यात 45, रात्रीच्या दाण्याच्या चटणीला 25. चार माणसांत 90 ग्रॅम, म्हणजे माणशी 22-23. मी ते जमेतच धरलं नव्हतं आणि वर रोज 40 ग्रॅम बदाम-अक्रोड खात होतो.

तुमच्या घरचा हिशोब एका मिनिटात निघतो. महिन्याच्या किराणा यादीत शेंगदाणे किती किलो आहेत ते बघा. त्याला घरातल्या माणसांनी भागा, मग 30ने भागा. परवा एक वहिनी आल्या होत्या. तिघांचं घर, महिन्याला 2 किलो दाणे. माणशी रोज 22 ग्रॅम झाले. त्या अर्धा किलो बदाम मागत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, पाव किलो अक्रोड न्या, माणशी रोज चार-पाच अर्धुकल्या द्या. तेवढ्याने तुमचे तीस भरतात. आणि त्याऐवजी घरातून काय कमी करणार ते आत्ताच ठरवा." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "सकाळच्या चहाबरोबरची बिस्किटं." उत्तम.

उपवासाचा दिवस वेगळा धरा. एकादशीला आमच्याकडे पाव किलो साबुदाण्याच्या खिचडीला 150 ग्रॅम कूट लागतं. चौघांत वाटलं तर माणशी 37 ग्रॅम, वर तूप. त्या दिवशीचा दाण्यांचा वाटा खिचडीतच संपला. डबी भरायची नाही. शिवाय साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि ज्यांचं ट्रायग्लिसराइड वाढलेलं आहे त्यांनी त्याचं प्रमाण बेतानेच ठेवावं. मी आता खिचडी अर्धी घेतो, बाकी दही-काकडी आणि एखादं फळ.

कुटाचा एक धोकाही आहे: ते तेलाबरोबर येतं. भरल्या वांग्याला कूट तेल सोडेपर्यंत परततात, वरून तर्री तरंगते. दाण्यातलं तेल आहेच, वरच्या तेलाची पळी अर्धी केली तरी भाजीची चव जात नाही. आमच्या घरात हे आता सवयीचं झालं आहे.

कोणता घ्यायचा

दुकानदार म्हणून माझ्यावर विश्वास ठेवा: कोलेस्टेरॉलसाठी महागच घ्यायला हवं असं नाही. एक किलो शेंगदाणे पाव किलो बदामांपेक्षा स्वस्त पडतात. शेंगदाणा खरं तर कडधान्यांच्या कुळातला आहे, हरभरा-तुरीचा भाऊबंद. पण त्यातली चरबी बदामाच्या चरबीशी मिळतीजुळती आहे. जुलै 2003 मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दलचं एक मर्यादित विधान छापायला परवानगी दिली. रोज सुमारे 42 ग्रॅम, तेही कमी संपृक्त चरबीच्या आहारात, असं ते विधान. त्या यादीत बदाम, अक्रोड, पिस्ते होते आणि शेंगदाणेही होते. संपृक्त चरबी जास्त म्हणून काजू मात्र बाहेर राहिला.

काजूबद्दल गिऱ्हाइकं घाबरतच विचारतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेलं हे झाड. पुढे कोकणची घरं त्याने चालवली, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात त्याच्या जाती तयार झाल्या. कोकणातल्या माणसाला "काजू बंद" असं सांगणं सोपं नाही, आणि तशी गरजही दिसत नाही. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने मधुमेह असलेल्या 300 जणांवर 12 आठवडे प्रयोग केला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना रोज 30 ग्रॅम बिनमिठाचे कच्चे काजू दिले. वजन वाढलं नाही, साखर वाढली नाही, एलडीएल बिघडलं नाही. एचडीएल किंचित वाढलं आणि वरचा रक्तदाब थोडा उतरला. एलडीएल उतरवायला काजू निवडू नका, पण डबीत चार काजू असले तर अपराधी वाटून घेऊ नका.

एचडीएलचा विषय निघाला म्हणून सांगतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एका मोठ्या पाहणीचे निकाल 2014 साली आले. ती तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगडमध्ये झाली होती. त्यात 72 टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं. ज्यांच्या रिपोर्टवर एलडीएल ठीक आणि एचडीएल 35 असं असतं, ते दाणे-बदामांकडून ते वाढण्याची आशा धरतात. तिथे दाण्यांचा हात फारसा पोचत नाही. चालणं, वजन, तंबाखू बंद करणं, भात-मैदा-साखर आवरणं, हे तिथले उपाय.

आता शब्दाचा घोटाळा. मराठीत "सुकामेवा" म्हटलं की बदामाबरोबर मनुका, खजूर, अंजीर, जर्दाळू सगळं आलं. डॉक्टर सुकामेवा म्हणतात आणि माणूस खजुराचं पाकीट घेऊन जातो. खजूर वाईट नाही, पण वर सांगितलेले सगळे प्रयोग बदाम-अक्रोडांसारख्या तेलकट बियांवरचे आहेत. खजूर-मनुकांत साखर असते, ही चरबी नसते. आणि खोबरं या हिशोबात धरूच नका. त्यातली नऊ दशांशाच्या आसपास चरबी संपृक्त असते. वाटणात चमचाभर सुकं खोबरं घालणं वेगळं, मूठभर खोबरं-गूळ रोज खाणं वेगळं. चिक्की, दाण्याचा लाडू, काजूकतली, मसाला काजू, खारे पिस्ते हेही औषध म्हणून मोजू नका. साखर-गुळाने ट्रायग्लिसराइड वाढतं आणि मिठाने रक्तदाब.

मी स्वतः 20 ग्रॅम भाजके दाणे आणि 10 ग्रॅम अक्रोड यावर स्थिरावलो. अक्रोडात ओमेगा-3 जातीची जी चरबी असते ती शेंगदाण्यात जवळजवळ नसते, म्हणून ही जोडी.

भाजणं आणि ठेवणं

लोखंडी कढई, मंद आच, तेल नाही, मीठ नाही. दाणे एका थराहून जास्त घालू नका. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, आच वाढवायचा मोह तिथे आवरायचा. मग टरफल आतून सुटायला लागल्याची बारीक तडतड ऐकू येते. दहा-बारा मिनिटांनी एक दाणा काढून, जरा निववून, बोटांत चोळा. साल भुश्श करून निघाली, दाणा फुटून त्याच्या दोन पाकळ्या झाल्या आणि आतला रंग साईसारखा पिवळसर दिसला की उतरवा. कढईतच ठेवलात तर तापल्या लोखंडावर ते आणखी करपतात, ताटात पसरा. खाण्याच्या दाण्यांची साल मी काढत नाही, चोथा तिच्यातही आहे. कुटासाठी बायको पाखडून घेते, नाहीतर चटणी कडवट लागते.

खवटपणाकडे नीट लक्ष द्या. दाण्यांतलं तेल हवेने, उन्हाने आणि ओलीने खराब होतं. सगळ्यात आधी खवटतो तो अक्रोड. ताज्या अक्रोडाला गोडसर, किंचित तुरट वास असतो. खवट अक्रोडाला रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास येतो आणि जिभेच्या मागे कडवटपणा राहतो. पावसाळ्यात महिन्यापेक्षा जास्त माल घेऊ नका. घेतलाच तर हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. शेंगदाण्यांत सुरकुतलेले, काळे पडलेले, हिरवट बुरशी धरलेले दाणे दिसले तर निवडून टाका. मूठभर असतील तरी टाका. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजण्याने पूर्ण जात नाही. "थोडी बुरशी आहे, कूट करून टाकू" असं कुणी म्हणालं तर त्यांना हात जोडून थांबवा.

कुणी जपून खावं

शेंगदाण्याची किंवा बदाम-काजूची ॲलर्जी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट चालतं. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा ऑक्झलेटचे मूतखडे पुन्हा पुन्हा होत असतील, तर डॉक्टरांना विचारूनच. माझी आई 79 वर्षांची आहे, दात नाहीत. तिच्यासाठी दोन चमचे ताजं कूट दह्यात कालवतो.

एलडीएल 190 किंवा त्याहून जास्त असेल तर दाण्यांवर तीन महिने घालवू नका, थेट डॉक्टरांकडे जा. बऱ्याचदा ते घराण्यातून आलेलं असतं आणि खाण्याने पुरेसं उतरत नाही. आणि चालू असलेली गोळी दाण्यांच्या भरवशावर बंद करू नका. माझ्या ओळखीच्या एकाने बदाम सुरू करून गोळी सोडली. दोन महिन्यांत त्याचा आकडा जुन्या जागी परत आला. सुदैवाने तेवढ्यावर निभावलं.

पुन्हा तपासताना

बदल सुरू केल्यापासून 12 आठवडे द्या. त्याच लॅबमध्ये, 10-12 तास उपाशीपोटी, शक्यतो त्याच वेळेला जा. आदल्या दिवशी लग्नाचं जेवण नको, दारू नको. एलडीएल दिवसागणिक आपोआपही थोडं वर-खाली होतं, तेव्हा तीन-चार मिलिग्रॅमच्या फरकाने नाचू नका आणि खचूही नका. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, 1972 सालच्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा. माझ्या पहिल्या रिपोर्टवर करून बघा: 232 वजा 41 वजा 38, बरोबर 153. म्हणून उपाशी न राहता रक्त दिलं आणि ट्रायग्लिसराइड वर गेलं, तर एलडीएलचा आकडाही खरा राहत नाही. ट्रायग्लिसराइड 400च्या वर असेल तर हे सूत्र वापरतच नाहीत.

त्या पहिल्या सहा आठवड्यांनंतरच्या 12 आठवड्यांत माझे सकाळचे वरचे बदाम गेले. अकराच्या खारीऐवजी पेरू किंवा नुसता चहा. पाच वाजता फरसाणाची बरणी मी काउंटरखालून उचलून मागच्या फळीवर ठेवली आणि तिच्या जागी ती स्टीलची डबी आली. घरातलं कूट तेवढंच, चालणं आधी होतं तेवढंच. रिपोर्ट आला: एकूण 214, एचडीएल 42, ट्रायग्लिसराइड 155, एलडीएल 141. वजन सुरुवातीपेक्षा किलोभर कमी. 153 वरून 141, म्हणजे 12 मिलिग्रॅम. त्यातले दाणे-अक्रोडांचे पाचेक असतील. बाकीचं श्रेय पामतेलात तळलेलं फरसाण आणि खारी सुटल्याचं आणि उतरलेल्या वजनाचं आहे असं मी मानतो.

डॉक्टरीणबाईंनी आकडे बघितले, वडिलांचं वय पुन्हा विचारलं आणि कमी मात्रेची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी सुरू केली. मला वाईट वाटलं. तोंड उतरलेलं बघून त्या म्हणाल्या, "डबी बंद करू नका. गोळी तिचं काम करेल, डबी तिचं." नंतर मी स्पेनमधल्या मोठ्या अभ्यासाबद्दल वाचलं तेव्हा त्यांचं म्हणणं जास्त कळलं. 55 ते 80 वयाचे 7,447 लोक, त्यातल्या एका गटाला भूमध्यसागरी आहाराबरोबर रोज 30 ग्रॅम सुकामेवा: 15 ग्रॅम अक्रोड, बाकी बदाम आणि हेझलनट. पाचेक वर्षांत त्या गटात हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे येणारे मृत्यू मिळून तुलनेच्या गटापेक्षा सुमारे 28 टक्के कमी झाले. पहिल्यांदा 2013 साली छापलेल्या या अभ्यासात गट पाडण्यात काही ठिकाणी चुका निघाल्या. म्हणून 2018 साली तो पुन्हा तपासून छापला गेला, निष्कर्ष बराचसा तोच राहिला. त्या लोकांच्या एलडीएलमधला फरक इतका मोठा नव्हता, म्हणजे दाणे-अक्रोड रिपोर्टवर न दिसणारंही काही करत असावेत.

गोळी रात्री जेवणानंतर घेतो. तेव्हाच दुसऱ्या दिवसाची डबी भरतो: 20 ग्रॅम दाणे, पाच अर्धुकल्या अक्रोड. कूट जास्त झालेल्या दिवशी बायको डबीतले दाणे निम्मे काढून परत बरणीत टाकते आणि मला सांगते.